सत्तर किलोचा देह, पाचशे लिटरचं औषध

एक साधा भागाकार करून बघू. डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध. त्याचे ५०० मायक्रोग्रॅम शिरेतून दिले, अंगभर नीट पसरू दिले आणि मग रक्त तपासलं, तर दर मिलिलिटरला साधारण १ नॅनोग्रॅम औषध सापडतं. ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे पाच लाख नॅनोग्रॅम. म्हणजे हे औषध पाच लाख मिलिलिटर, अर्थात ५०० लिटर द्रवात विरघळलेलं असणार. आणि माणसाचं वजन आहे ७० किलो.

भागाकार बरोबर आहे. घोळ आहे तो आपण मनात धरलेल्या चित्रात. शरीर म्हणजे पाण्यानं भरलेलं पिंप आणि औषध म्हणजे त्यात पडलेला शाईचा थेंब, असं आपण न बोलता गृहीत धरतो. डिगॉक्सिन त्या पाण्यात थांबतच नाही. पेशींच्या पटलावर सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारे पंप असतात, त्यांना ते जाऊन चिकटतं. हृदयात चिकटतं, मूत्रपिंडात चिकटतं. हाडांवरच्या स्नायूंचा पसारा सगळ्यात मोठा, त्यामुळे एकूण साठ्यातला सगळ्यात मोठा वाटा तिथे जातो. रक्तात उरतो तो चुकार अंश. हा इवलासा आकडा भागाकारात खाली बसला की उत्तर फुगतं.

या उत्तराला औषधशास्त्रात 'व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात, बोलताना नुसतं 'व्हीडी'. नावात व्हॉल्यूम आहे म्हणून शिकणारे बरेच दिवस शरीरात ती जागा शोधत राहतात. तशी जागा कुठेच नाही. शरीरात असलेलं एकूण औषध आणि रक्तात दिसणारी त्याची पातळी यांचं ते गुणोत्तर आहे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचे रेणू मोठे आणि विद्युतभारानं लदलेले, ते रक्तवाहिन्यांबाहेर फारसे पडत नाहीत. त्याची व्हीडी ४-५ लिटर. त्याच कामाचं वॉरफरिन ९९ टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून साधारण १० लिटर. जेंटामायसिन हे प्रतिजैविक पेशीबाहेरच्या पाण्यात फिरतं पण पेशीत शिरायला बिचकतं, त्याची १७-१८. मद्यार्क सगळ्या पाण्यात मिसळतो, सुमारे ४०. मग डिगॉक्सिनची ५००. हृदयाची लय सांभाळणाऱ्या अमियोडॅरोनची चार हजारांच्या आसपास. आणि मलेरियावरच्या क्लोरोक्विनची किलोमागे १०० लिटरच्याही वर, म्हणजे ७० किलोच्या माणसात सात हजारांच्या पुढे. आकडा जितका मोठा तितकं रक्तातलं दर्शन कमी. या विषयातल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी जन्मतात: रक्त हा रस्ता आहे हे विसरून त्यालाच मुक्काम समजण्यात.

शाईच्या थेंबाचं चित्र टाकाऊ आहे असं मात्र नाही. योग्य पदार्थ निवडला तर ते फार सुंदर काम देतं. ७० किलोच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर, आणि या चौदातलं जेमतेम ३ लिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, म्हणून रक्तवाहिन्यांत. हे आकडे मिळाले ते असेच थेंब टाकून. प्लाझ्मा मोजायला इव्हान्स ब्लू नावाचा निळा रंग वापरत, कारण तो अल्ब्युमिनला घट्ट धरून राहतो. पेशीबाहेरच्या पाण्यासाठी इन्युलिन ही वनस्पतींतली शर्करा. आणि एकूण पाण्यासाठी जड पाणी, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे असं पाणी. १९३४ मध्ये जॉर्ज हेवेशी आणि एरिख होफर यांनी पातळ केलेलं जड पाणी पिऊन नंतरच्या लघवीतलं ड्युटेरियम मोजलं. एकूण पाणी सुमारे ४३ लिटर निघालं, आणि पाण्याचा एखादा रेणू शरीरात सरासरी १३ दिवस राहतो हेही कळलं.

कृती ऐकायला सोपी आहे. माहीत असलेल्या वजनाचा रंग टोचायचा, थांबायचं, रक्त काढायचं, भागायचं. पण उत्तर बिघडवणारे खाचखळगे प्रत्येक पायरीवर आहेत. सिरिंजमध्ये भरलेला रंग आणि शरीरात गेलेला रंग एक नसतो. सुईत, सिरिंजच्या टोकाशी थोडा राहतो, म्हणून सिरिंज आधी आणि नंतर तोलावी लागते. ज्या हातात टोचलं त्याच हातातून रक्त काढलं तर शिरेच्या भिंतीला लागलेला रंग त्यात उतरतो. दुसरा हात हवा. रक्तपेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला, किंवा जेवणानंतरच्या चरबीनं दुधाळ झाला, तर रंगमापक त्यालाही रंगच समजतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अल्ब्युमिन स्वतःच दर तासाला सुमारे ५ टक्के या वेगानं वाहिन्यांबाहेर झिरपत असतं, आणि जाताना रंग बरोबर नेतं. उशीर केला की प्लाझ्मा आहे त्याहून मोठा दिसतो. घाई केली तर रंग अजून नीट मिसळलेला नसतो. यावरचा उपाय मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत सुबक वाटतो: दहा-दहा मिनिटांनी तीन-चार नमुने घ्यायचे, पातळीचा लॉगरिदम वेळेसमोर मांडायचा, आणि येणारी सरळ रेष मागे शून्य मिनिटापर्यंत ओढायची. रंग क्षणात मिसळला असता आणि एक कणही गळला नसता तर काय पातळी असती, ते ही रेष सांगते. जो क्षण प्रत्यक्षात कधी घडला नाही, त्याचं मोजमाप.

मोजण्यासाठी थेंब टाकायची ही कल्पना हेवेशींच्या हाती आली तीसुद्धा एका अडून बसलेल्या कामातून. शिशातून रेडियम-डी वेगळं करायचं होतं, आणि काही केल्या ते होईना, कारण रेडियम-डी हे शिशाचंच एक किरणोत्सारी रूप होतं. वेगळं होत नाही ना, मग त्यालाच शिशाचा खबरी करू, हा विचार त्यांनी फ्रित्झ पानेथ यांच्यासोबत १९१३ मध्ये अमलात आणला. दहा वर्षांनी त्यांनी किरणोत्सारी शिसं घोळलेल्या पाण्यात घेवड्याच्या जातीची रोपं ठेवली आणि मुळांनी घेतलेल्या शिशातलं पानांपर्यंत किती पोचतं ते मोजलं. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन पाहिलं, तेव्हा हाडं ही एकदा बांधून ठेवलेली भिंत नाही, तिथले अणू सतत बदलले जातात, हे दिसलं. ट्रेसरच्या, म्हणजे माग काढू देणाऱ्या अशा खबरी पदार्थाच्या, या कामासाठी त्यांना १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्रेसरची अट तेव्हापासून तीच आहे: इतका थोडा द्यायचा की ज्या व्यवस्थेचा माग काढायचा तिला तो आल्याची चाहूलही लागू नये.

आता रस्त्याबद्दल. औषध शिरेत गेलं की पहिली काही मिनिटं त्याचा पत्ता रसायनशास्त्र ठरवत नाही, रक्ताचा ओघ ठरवतो. १९२० च्या दशकात बोस्टनमध्ये हर्मन ब्लुमगार्ट यांनी एका दंडात किरणोत्सारी द्रव टोचून तो दुसऱ्या हातात कधी पोचतो ते मोजलं. निरोगी माणसात हा फेरा साधारण १८ सेकंदांचा निघाला. एवढ्या वेळात रक्त सगळीकडे जातं, पण सगळीकडे सारखं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्तातला त्याचा वाटा १४-१५ टक्के. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं, शंभर ग्रॅम चरबीला दोन-तीन मिलिलिटर.

थायोपेंटल हे भुलीचं औषध या एका फरकावर चालतं. ते चरबीत सहज विरघळतं, मेंदूच्या दारात त्याला अडवणारं कुणी नाही, त्यामुळे टोचल्यापासून अर्ध्या मिनिटात शुद्ध हरपते. पाच-दहा मिनिटांत माणूस जागाही होतो. यकृतानं औषध मोडलं म्हणून जाग आली, अशी समजूत कुणाचीही व्हावी. पण यकृताला ते संपवायला कित्येक तास लागतात. जाग येते तेव्हा जवळजवळ सगळं औषध शरीरातच असतं, फक्त मेंदूतून निघून स्नायूंत गेलेलं असतं. स्नायूंनंतर, फार हळू, चरबी भरू लागते. म्हणून एकच मात्रा दिली तर ते अल्पजीवी औषध आहे, आणि मात्रेमागून मात्रा देत राहिलं तर तेच औषध दीर्घजीवी होतं. स्नायू भरलेले, चरबी भरत आलेली. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या औषधाला जायला उतार उरत नाही. औषध तेच, मात्रा तेवढीच, आणि जाग यायला मिनिटांऐवजी तास. रक्तस्रावानं खचलेल्या रुग्णात याची दुसरी बाजू दिसते. तिथे शरीर स्नायूंचा पुरवठा आवळतं आणि मेंदू-हृदयाचा राखतं, म्हणून नेहमीची मात्रा जणू फक्त मेंदू आणि हृदयालाच दिल्यासारखी होते. अशा वेळी मात्रा कमी करायची आणि सावकाश द्यायची, हा नियम वितरणातूनच आलेला आहे.

क्लोरोक्विनचंही असंच. शेवटी ते हजारो लिटरमध्ये पसरल्यासारखं दिसणार असतं, पण पहिल्या क्षणी त्याच्या वाट्याला फक्त रक्त आणि भरपूर रक्तपुरवठ्याचे अवयव येतात. शिरेतून भरकन दिलं तर रक्तदाब कोसळतो, हृदय थांबू शकतं. मोठी व्हीडी पाहून औषध सौम्य असेल असं समजणं घातक आहे. कोठार मोठं असलं तरी दार अरुंद असतं.

हे कोठार नेमकं असतं कुठे? क्लोरोक्विनच्या बाबतीत मोठा भाग पेशींमधल्या लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्यांत. तिथला पीएच सुमारे ४.८, बाहेर ७.४. क्लोरोक्विन अल्कधर्मी आहे. भाररहित रूपात ते पटलातून आत सरकतं, आत आम्लात दोन प्रोटॉन अंगावर घेतं, आणि भार आला की त्याच पटलातून परतता येत नाही. आत जाणारी वाट मोकळी, परतीची बंद. डोळ्यातल्या मेलॅनिनलाही ते धरून बसतं. म्हणून त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, आठवड्यांत मोजतात, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाची तपासणी ठरावीक काळानं करत राहावी लागते.

पीएचचा हाच सापळा उलट्या दिशेनं लावता येतो. ॲस्पिरिनची विषबाधा हे त्याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण आहे. ॲस्पिरिनचं शरीरात होतं ते सॅलिसिलेट आम्लधर्मी. रक्ताचा पीएच ७.४ असताना त्याचा अगदी छोटा अंश भाररहित असतो आणि तेवढाच मेंदूत शिरू शकतो. पीएच ७.२ वर घसरला की तो अंश साधारण दीडपट होतो. म्हणजे शरीरात औषध वाढलेलं नाही, पण रक्तातून सरकून मेंदूत जायला लागलं आहे. अशा वेळी रक्तातली पातळी उतरताना दिसते आणि रुग्ण अधिक बिघडत असतो. उतरता आकडा पाहून निश्चिंत होणं इथे अंगाशी येतं. सोडियम बायकार्बोनेट देऊन रक्त थोडं अल्कधर्मी ठेवायचं आणि लघवीचा पीएच ७.५ च्या वर न्यायचा, म्हणजे सॅलिसिलेट मेंदूकडून रक्ताकडे आणि रक्ताकडून लघवीकडे ओढलं जातं. यात दोन गोष्टी हमखास चुकतात. पोटॅशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम वाचवताना आम्ल बाहेर टाकत राहतं आणि लघवी अल्कधर्मी होतच नाही. कितीही बायकार्बोनेट ओता. आणि रुग्णाला धाप लागली म्हणून झोपवून व्हेंटिलेटर नेहमीच्या गतीवर लावला, तर ती धाप जो कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत होती तो साठतो, पीएच धाडकन खाली येतो, आणि औषध मेंदूत लोटलं जातं. ती धाप रुग्णाला वाचवत होती.

प्रथिनांना बांधलेल्या औषधाबद्दल भीती जरा जास्तच पसरलेली आहे. एका औषधानं दुसऱ्याला अल्ब्युमिनवरून ढकललं की मोकळी पातळी वाढते आणि अनर्थ होतो, असं घोकवलं जातं. बहुतेक वेळा तसं होत नाही. मोकळं झालेलं औषध ऊतींत पसरतं, यकृत-मूत्रपिंडाच्या हाती जास्त लागतं, आणि मोकळी पातळी पुन्हा जुन्या जागी येते. खरा गोंधळ होतो तो तपासणीचा अहवाल वाचताना. फेनिटॉइन हे फेफऱ्याचं औषध एरवी ९० टक्के बांधलेलं असतं, आणि प्रयोगशाळा सहसा एकूण पातळी कळवते. अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ४ वरून २ ग्रॅमवर आलेल्या रुग्णात एकूण पातळी लिटरला ८ मिलिग्रॅम आली, तर १० ते २० या अपेक्षित पट्ट्याच्या खाली म्हणून मात्रा वाढवायचा मोह होतो. शेनर-टोझर सूत्रानं बघा: अल्ब्युमिनला ०.२ नं गुणून ०.१ मिळवायचे, म्हणजे ०.५, आठला त्यानं भागलं की १६. मात्रा पुरेशी होती. वाढवली असती तर तोल जाणं, डोळे थरथरणं, गुंगी. मूत्रपिंड निकामी असेल तर हे सूत्रही तसंच वापरता येत नाही. तिथे मोकळी पातळीच मागवावी.

मेंदूच्या दाराची गोष्ट मात्र समजायला लांबली. १८८५ मध्ये पाऊल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू पांढराच राहिला. मेंदूच्या ऊतींना त्या रंगाची ओढच नाही, असा अर्थ त्यांनी लावला. १९१३ मध्ये त्यांचेच सहकारी राहिलेल्या एडविन गोल्डमान यांनी ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग रक्ताऐवजी थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर नाही. म्हणजे ओढ होती, वाट नव्हती. ती वाट नेमकी कुठे बंद होते ते १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, त्या शिवणीपाशी.

पण शिवण एवढंच कारण नाही. तिथे पहारेकरीही आहेत. पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप आत शिरू पाहणारे कित्येक रेणू धरून पुन्हा रक्तात फेकतो. लोपेरामाइड हे जुलाबाचं औषध खरं तर अफूच्या कुळातलं. योग्य मात्रेत ते मेंदूवर काम करत नाही, ते या पंपामुळे. १९९० च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. गोचिडीसारख्या किड्यांचा उपद्रव झाला म्हणून पिंजऱ्यांवर आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर ठणठणीत राहिले, पंप नसलेले मेले. त्यांच्या मेंदूत औषधाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं सापडलं. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन का बाधतं याचं उत्तरही तिथेच होतं. त्यांच्यातल्या अनेकांत या पंपाच्या जनुकात चार अक्षरं गळलेली असतात. कधी याच पहाऱ्यातून राजमार्गही काढता येतो. डोपामाइन मेंदूत शिरत नाही, पण लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या दारानं जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. त्याच दारात जेवणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही रांगेत असतात, म्हणून प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर घेतलेल्या गोळीचा परिणाम काहींना कमी जाणवतो.

औषध कुठे जातं हे डोळ्यांनी पाहायचं तर ट्रेसरला पर्याय नाही. आणि इथे टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी मूलद्रव्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. अर्धायुष्य ६ तास, गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, कॅमेऱ्याला सोयीची. पण त्याला स्वतःचा असा पत्ताच नाही. ज्याच्या संगतीत पाठवाल त्याच्या घरी जातो. अल्ब्युमिनच्या १० ते ९० मायक्रॉनच्या गुठळ्यांना जोडला तर फुप्फुसांत अडकतो, कारण तिथल्या केशवाहिन्या ७-१० मायक्रॉनच्या. गंधकाच्या, एक मायक्रॉनहून बारीक कणांना जोडला तर फुप्फुसांतून निसटतो आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या तोंडी पडतो. एमडीपी या फॉस्फोनेटला जोडला तर जिथे नवं हाड घडतंय तिथे बसतो.

चुकाही तितक्याच ठरलेल्या. फुप्फुसांच्या स्कॅनसाठी टोचताना सिरिंजमध्ये रक्त ओढलं गेलं, तर गुठळ्या आणि रक्त मिळून मोठे गोळे होतात आणि चित्रावर झगझगीत ठिपके उमटतात. टोचण्याआधी सिरिंज हलक्या हातानं फिरवून कण सारखे करायचे, आणि रुग्णाला आडवं झोपवूनच टोचायचं. बसलेल्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे रक्त फुप्फुसांच्या तळाकडे जास्त जातं आणि वरचा भाग उगाच रिकामा दिसतो. हाडांच्या स्कॅनमध्ये जठर, थायरॉइड आणि लाळग्रंथी उजळल्या तर रुग्णात काही शोधण्याआधी बाटलीकडे बघावं. ट्रेसर तयार करायच्या किटमधलं स्टॅनस टिन, म्हणजे कथिलाचं एक रूप, टेक्नेशियमला जोडीदाराशी बांधायला मदत करतं. बाटलीत हवा शिरली की ते टिन आधीच खर्ची पडतं, टेक्नेशियम सुटं राहतं, आणि सुटं टेक्नेशियम याच तीन ठिकाणी जातं. काखेतली एकच गाठ उजळली तर कोपरापाशी औषध शिरेबाहेर सांडलं होतं का, ते विचारावं. कपड्यावर सांडलेला लघवीचा थेंबही हाडातला डाग वाटू शकतो. आणि टोचल्यावर दोन ते चार तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला लावतात, ते उगाच नाही: हाडात गेलेलं हाडात बसलेलं असतं, पण न गेलेलं मूत्रपिंडांनी काढून टाकेपर्यंत सगळं शरीरच अंधुक उजळलेलं असतं. रस्ता रिकामा झाल्यावरच मुक्काम दिसतो.

किरणोत्सारी ट्रेसर कुठे साठतो ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमधलं एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ ची खूण लावलेली साखर, हे ग्लुकोजचं सोंग आहे. १९७६ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेतात, हेक्सोकायनेज त्यावर फॉस्फेट चढवतं, आणि पुढच्या पायरीला लागणारा ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनवर नसल्यामुळे ते तिथेच अडकतं. साखर जाळणारी जागा उजळते. मात्र शरीर निवांत असायला हवं. चार ते सहा तास उपास, कारण जेवणानंतरचं किंवा नुकतंच टोचलेलं इन्सुलिन एफडीजी स्नायूंकडे वळवतं आणि कर्करोगाच्या गाठीला ते मिळत नाही. टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. बडबड केली तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. खोली उबदार हवी. थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि लसिकाग्रंथींची शंका येते. मूत्राशय उजळलेलं असणारच, कारण मूत्रपिंड खरी साखर परत शोषून घेतं, या सोंगाला बऱ्याच अंशी जाऊ देतं.

मग येतो एसयूव्हीचा, म्हणजे 'स्टँडर्डाइज्ड अपटेक व्हॅल्यू'चा, आकडा. ऊतीतल्या किरणोत्साराला, दिलेली मात्रा भागिले वजन, यानं भागायचं. औषध शरीरभर सारखं पसरलं असतं तर सगळीकडे १ आलं असतं. व्हीडीचाच हा भाऊबंद, फक्त रक्ताऐवजी गाठीला प्रश्न विचारणारा. याचे अंक दशांशात छापलेले पाहून विश्वास बसतो, पण फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. मात्रा मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांच्यात दहा मिनिटांचा फरक असेल तर उत्तर ६ टक्क्यांनी चुकतं. सिरिंजमध्ये उरलेलं मोजून वजा केलं नाही, थोडं दंडातच सांडलं, मागच्या वेळी ६० मिनिटांनी आणि या वेळी ९० मिनिटांनी चित्र काढलं, प्रत्येकानं आकडा हलतो. स्थूल माणसात चरबी साखर फारशी घेत नाही, त्यामुळे पूर्ण वजन धरून काढलेला एसयूव्ही फुगतो. उपचारानं गाठ शमली की वाढली हे ठरवायचं असेल तर दोन्ही वेळा तीच घाई आणि तोच धीर हवा.

आणखी एक सावधगिरी, जी विसरली जाते: कॅमेऱ्याला रेणू दिसत नाही, अणू दिसतो. खुणेचा फ्लोरिन रेणूपासून सुटला तर सुटा फ्लोराइड हाडांत जाऊन बसतो, आणि औषध हाडात गेलं असा साळसूद गैरसमज चित्र करून देतं. स्वीडनमध्ये स्वेन उलबर्ग यांनी १९५४ मध्ये किरणोत्सारी पेनिसिलिन दिलेले उंदीर गोठवून, त्यांचे उभे पातळ काप फोटोच्या फिल्मवर ठेवून आख्ख्या देहातलं वितरण एका चित्रात आणलं. गोठवणं यासाठी, की वितळलं तर पाण्यात विरघळणारं औषध जागा सोडतं. ती पद्धत आजही नव्या औषधांसाठी वापरतात, कार्बन-१४ च्या खुणेसह, आणि पांढऱ्यांबरोबर रंगीत डोळ्यांचे उंदीरही घेतात, नाहीतर मेलॅनिनला चिकटणारं औषध निसटून जाईल. त्या चित्रांनाही तोच प्रश्न विचारायचा: हा काळा डाग औषधाचा, की त्याच्या तुकड्याचा?

रुग्णाच्या खाटेपाशी व्हीडीचा उपयोग पहिली मात्रा ठरवायला होतो. हवी ती पातळी गुणिले व्हीडी, झालं. जेंटामायसिन ३५० मिलिग्रॅम, व्हीडी १७.५ लिटर, तर पातळी लिटरला २० मिलिग्रॅम. त्याच रुग्णाच्या अंगात जंतुसंसर्गात दिलेल्या सलाइनचं १० लिटर पाणी साठलं असेल तर २७.५ लिटर, आणि पातळी १२.७. हे औषध शिखरपातळीवर जंतू मारतं; जिथे सर्वांत जास्त हवं तिथेच ते कमी पडतं. मूत्रपिंड बिघडलंय म्हणून पहिलीच मात्रा कापणं ही इथली नेहमीची चूक. मूत्रपिंड पुढच्या मात्रांमधलं अंतर ठरवतं, पहिली मात्रा पाणी ठरवतं. डिगॉक्सिनचं मात्र वेगळं: मूत्रपिंड निकामी झालं की त्याची व्हीडीच आक्रसते, म्हणून तिथे पहिली मात्राही कमी लागते. आणि ते चरबीत जात नसल्यानं स्थूल माणसाचं पूर्ण वजन धरायचं नाही.

डिगॉक्सिनची सुरुवातीची मात्रा एकदम देत नाहीत. आधी निम्मी, मग सहा-आठ तासांनी पाव, पुन्हा पाव. मधला वेळ स्नायूंकडे आणि हृदयाकडे पोचायचा. रक्त तपासायचं तेही शेवटच्या मात्रेनंतर निदान सहा तासांनी. दोन तासांनी काढलेल्या रक्तात विषारी वाटेल अशी पातळी येते, आणि ती रस्त्यावरच्या गर्दीची असते. विषबाधा झालीच तर डायलिसिस जवळजवळ निरुपयोगी. यंत्र रक्त धुतं, आणि औषध रक्तात नसतंच.

इथे उपयोगी पडतं ते प्रतिपिंडाचे तुकडे, फॅब. १९७६ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिल्याचं प्रसिद्ध झालं. हे तुकडे पेशीत शिरत नाहीत, पेशीबाहेरच्या द्रवात राहतात आणि तिथलं सुटं डिगॉक्सिन घट्ट पकडतात. सुटं संपलं की पंपांना चिकटलेलं सुटतं, बाहेर येतं, तेही पकडलं जातं. पाचशे लिटरमध्ये हरवलेलं औषध तासाभरात रक्ताकडे परतू लागतं. हृदयाची लय सुधारते, पोटॅशियम पेशींत परत जाऊ लागतं, आणि त्याच वेळी प्रयोगशाळेकडून डिगॉक्सिनची एकूण पातळी दहा-वीस पटींनी वाढल्याचा अहवाल येतो, कारण नेहमीची तपासणी पकडलेलं आणि सुटं वेगळं करत नाही. म्हणून फॅब दिल्यावर ती तपासणी पाठवूच नये. ईसीजी बघावा, पोटॅशियम दर काही तासांनी मोजावं, ते फार खाली जाऊ देऊ नये. मूत्रपिंड चांगलं असेल तर हे जोड लघवीतून निघून जातात. नसेल तर ते दिवसेंदिवस फिरत राहतात, हळूहळू सुटतात आणि सुटं डिगॉक्सिन पुन्हा डोकं वर काढू शकतं. अशा रुग्णाचा मॉनिटर पुढचे कित्येक दिवस काढायचा नाही.